खाणीच्या बाजूचा टोल

मी सांगतोय ते घडलेलं आहे. माझ्याच घरात घडलेलं आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी सोडून द्यावं, मला राग नाही. मी हे दुसऱ्या कुणाकडून ऐकलं असतं तर मीही हसून कामाला लागलो असतो.

भुताखेतांच्या अनुभवांच्या या पानावर बहुतेक जण रात्रीचं लिहितात. हे दुपारचं आहे. चहा नुकताच झाला होता. थंडी संपत आली होती. माझी बायको जाऊन महिनाही झाला नव्हता.

मी वेल्डर आहे. घराला लागूनच दुकान आहे. गेट, खिडक्यांचे गज, ट्रॉलीची फाळकी, असलं काम करतो. लिहायची सवय नाही. मेहुणी म्हणाली, "भाऊजी, लिहून काढा, डोकं हलकं होईल." बघू.

आधी डोंगराचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमचा डोंगर लहान आहे. आम्ही त्याला बुटक्या म्हणतो. पाहुणे येतात आणि विचारतात, "डोंगर कुठाय?" आम्ही म्हणतो, "तुम्ही चढलात तो." त्याच्या भोवती पाच गावं आहेत आणि प्रत्येक गावाला वाटतं की बुटक्याचं तोंड आपल्याकडे आहे. माझी बायको तळ्याकडच्या गावची. लग्न झाल्यावर कित्येक वर्षं ती म्हणायची, "मी डोंगराच्या पाठीकडे नांदायला आले."

बुटक्या लहान असला तरी धुक्यात वाईट आहे. चारी बाजूंनी सारखाच दिसतो. झाडं तीच, वाटा तशाच. पाच हातांपलीकडचं दिसत नाही. आपण उतरतोय एवढंच कळतं, कुठे उतरतोय ते कळत नाही. दुसऱ्या गावात उतरलात तर काही बिघडत नाही, चहा पिऊन परत या. पण एका बाजूला गाव नाही. तिथे दगडाची जुनी खाण आहे. डोंगर तिथे सुरीने कापल्यासारखा सरळ खाली गेलाय.

म्हणून टोल.

टोल म्हणजे रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा. शाळेत असतो तसा. प्रत्येक गावाच्या वेशीवर एक टांगलेला आहे. धुकं उतरलं की गावातलं ठरलेलं माणूस लोखंडी गज घेऊन टोल द्यायला लागतं. प्रत्येक गावची चाल वेगळी. वीटभट्टीवाल्यांचा एकेक, सावकाश. तळ्याकडचा दोन-दोनचा. आमचे दोन पटापट, मग थोडं थांबून तिसरा. डोंगरावरचं माणूस आपल्या गावची चाल ओळखतं आणि तिकडे चालायला लागतं.

नियम दोनच. गावचं शेवटचं माणूस खाली येईपर्यंत हात थांबवायचा नाही. आणि दुसऱ्याची चाल वाजवायची नाही, गमतीतसुद्धा नाही.

आमच्या गावचा टोल माझी बायको द्यायची. टोल आमच्या दुकानासमोरच आहे, म्हणून तिच्याकडे आला आणि तिच्याकडेच राहिला. तिचा उजवा खांदा एकदा निखळला होता, तो पुढे नीट वर गेलाच नाही. त्यामुळे पहिले दोन खणखणीत यायचे आणि तिसरा जरा उशिरा आणि हलका. मी तिला चिडवायचो, "तुझा तिसरा टोल जावयासारखा येतो. उशिरा, आणि उपकार केल्यासारखा." ती म्हणायची, "येतो ना? मग झालं."

डोंगरावर कामाला जाणारी माणसं नुसती चाल नाही, तिचा हातही ओळखायची. आमची लेक तर लहानपणापासून त्याच आवाजाने घरी आलेली.

लेकीचं घरातलं नाव खारू. लहानपणी सारखी झाडावर असायची म्हणून. आता ती बुटक्याच्या खांद्यावर जी रोपवाटिका आहे तिथे काम करते. रोपांना पाणी, कलमं, पिशव्या भरणं. आई गेल्यावर आठवडाभर घरात बसली आणि मग म्हणाली, "बाबा, मी कामावर जाते. घरात नाही बसवत."

मी म्हटलं, जा.

बायको गेल्यावर टोल शेजारच्या टेलरकडे गेला. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. म्हातारे आहेत, पण हात शिवणाऱ्याचा, एकदम मोजका. त्यानंतर धुकं पडलंच नव्हतं. त्या दुपारी पहिल्यांदा पडलं.

मी एका गेटची कडी जोडत होतो. तोंडावर काच होती. मेहुणी दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. बहीण गेल्यापासून ती आमच्याकडेच राहते.

"भाऊजी, बुटक्या दिसेनासा झालाय."

मी काच वर केली. समोरचं घर अर्धंच दिसत होतं.

मास्तर टोलाखाली येऊन उभेच होते. गज हातात घेऊन म्हणाले, "वेल्डर, हा गज आहे की मुसळ? वहिनी हा उचलायच्या कशा?"

मग स्वतःच ओशाळले. टोल द्यायला लागले.

ठण ठण, ठण. ठण ठण, ठण.

बरोबर होतं. एकही चूक नाही. पण तिसरा वेळेवर येत होता आणि जोरात येत होता. मला ते ऐकवेना. मी पुन्हा काच खाली केली.

हळूहळू माणसं उतरायला लागली. गवताचे भारे घेऊन बायका आल्या. शेळ्यावाला आला, शेळ्यांना शिव्या देत. मग रोपवाटिकेतली माणसं आली, एकमेकांच्या ओढण्या आणि शर्ट धरून. सगळ्यात पुढे माळीणबाई. रोपवाटिका त्याच सांभाळतात.

मी रांगेतले चेहरे बघत गेलो. रांग संपली.

"बाई, खारू?"

"मागे आहे की माझ्या." त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे शेळ्यावाल्याचा पुतण्या होता. "अरे, तू कधी आलास इथे?"

"मी केव्हाचाच धरलाय तुमचा पदर," तो म्हणाला.

माळीणबाई खाली दगडावर बसल्या. मग जे बोलल्या ते मी जसंच्या तसं सांगतो.

"फाट्यावर ती थांबली होती. म्हणाली, बाई, आपला टोल इकडून येतोय. मी म्हटलं, अगं इकडून कसा येईल, तो बघ तिकडून येतोय. तर म्हणाली... तो मास्तरांचा. आपला इकडे वाजतोय."

"इकडे म्हणजे कुठे?" मी विचारलं.

त्यांनी हात केला.

खाणीची बाजू.

"मला वाटलं, आईच्या आठवणीने बोलतेय. मी तिचा हात धरला आणि चालायला लागले. मी हात सोडला नव्हता हो. तिनेच सोडला असेल. कधी सोडला तेच..."

मी मास्तरांना म्हटलं, "थांबा जरा."

"थांबायचं नसतं, वेल्डर."

"थोडंसं. ऐकू द्या."

त्यांनी गज हवेतच धरला. बायका गप्प झाल्या. लांबून वीटभट्टीचा एकेक येत होता. तळ्याकडचा दोन-दोनचा येत होता. आणि त्यांच्या मधून...

ठण ठण...

...ठण.

तिसरा उशिरा. तिसरा हलका.

माझ्या पाठीमागे मेहुणीच्या हातातलं भांडं पडलं.

"कडा आहे तिकडे," मास्तर म्हणाले. "आपलाच आवाज आपटून येतोय."

"तुम्ही थांबलात ना, मास्तर. मग आपटतंय काय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गज खाली केला.

पुन्हा आला.

ठण ठण... ठण.

सगळ्यांनी ऐकला. हे मी मुद्दाम लिहितोय. मी एकट्याने नाही ऐकला. शेळ्यावाला, जो कशालाच भीत नाही, तो शेळ्या तशाच सोडून घरात गेला.

शेळ्यावाल्याच्या पुतण्याने टॉर्च आणला. म्हणाला, मी जातो. पण धुक्यात टॉर्च लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. तो वेशीपासून पंचवीस पावलं गेला आणि "कुठे आहात?" असं ओरडायला लागला. त्यालाच हाकांवर परत आणावं लागलं. खारूच्या नावानेही आम्ही हाका मारल्या. माणसाचा आवाज तिथपर्यंत पोचत नाही. लोखंडाचाच पोचतो.

मी मास्तरांच्या हातून गज घेतला आणि जीव खाऊन मारायला लागलो. चाल आमचीच. एवढ्या जोरात की रुळाचा तुकडा गोल फिरायला लागला.

मेहुणीने माझा दंड धरला. "भाऊजी, जोराने काय होणार? तिला जोराचा टोल नकोच आहे. ती ताईच्या टोलाकडे चाललीय."

बरोबर होतं तिचं.

मी रुळाचा तुकडा हाताने धरून स्थिर केला. आणि आठवलं. बायको टोल द्यायची तेव्हा मी दुकानात काच लावून बसलेला असायचो, माझं अर्धं आयुष्य तो आवाज ऐकण्यात गेलंय. पहिले दोन ती रुळाच्या मधोमध मारायची. तिसऱ्याला खांदा साथ द्यायचा नाही, कोपर अंगापासून वर जायचं नाही. म्हणून गज रुळाच्या खालच्या कोपऱ्यावर बसायचा, आणि आवाज बसका यायचा.

मी कोपर अंगाला चिकटवलं.

ठण ठण... ठण.

मेहुणीने तोंडावर पदर धरला. "ताईच," म्हणाली.

मग मी तेच वाजवत राहिलो. माझा टोल झाला की तिकडून तिकडचा यायचा. माझा, मग तिकडचा. दोन्ही अगदी सारखे. वरती माझी पोर या दोन आवाजांच्या मधे कुठेतरी उभी होती, आणि त्यातल्या एकाच्या पायथ्याशी नुसता कडा होता.

थोड्या वेळाने तिकडचा बदलला.

म्हणजे चाल तीच. पण आता तो माझी वाट बघेना. माझा तिसरा पडायच्या आत... त्याचे पहिले दोन यायला लागले. मी घाई केली, त्याने जास्त घाई केली. कुणीतरी घाबरून बोलावत असल्यासारखं.

तेव्हा मला दवाखाना आठवला.

शेवटच्या संध्याकाळी बायकोने सारखं एकच विचारलं होतं. "खारू आली का?" खारू तेव्हा लांब, कलमं शिकायला दुसऱ्या रोपवाटिकेत गेली होती. निरोप मिळताच निघाली होती, पण गाडी मिळेना. मी म्हटलं, "येतेय, वाटेत आहे." बायकोला बोलायला दम पुरत नव्हता. तिने डोळे मिटले आणि बोटं चादरीवर आपटायला लागली. दोन, मग थोडं थांबून एक. नर्स म्हणाली, अशा वेळी होतं असं, हात आपोआप हलतात. ती बोटं पहाटेपर्यंत चालू होती.

खारू पोचली तेव्हा ऊन वर आलं होतं.

शेवटचं माणूस घरी आल्याशिवाय हात थांबवायचा नाही. आणि तिचं शेवटचं माणूस आलंच नव्हतं.

हे मला त्या धुक्यात, गज हातात असताना कळलं. मी वाजवत राहिलो आणि तोंडातल्या तोंडात बोललो. मी देवाशीही कधी असं बोललेलो नाही.

"अगं, ऐकतेस ना. पोर इकडे येऊ दे. ती आली नव्हती, आता येतेय, घरी येतेय. तिला नको बोलावूस. एकटं वाटत असेल तर मला बोलाव. मी येतो. शब्द देतो तुला, मी येतो."

तिकडून दोन आले.

ठण ठण...

तिसरा आला नाही.

मी वाट बघितली. वीटभट्टीचा आला. तळ्याकडचा आला. तिकडून काहीच नाही. मग मीच कोपर अंगाला लावून तिसरा मारला आणि वाजवत राहिलो. बाकी गावं एकेक करून गप्प झाली, त्यांची माणसं उतरली होती. शेवटी आमचाच टोल उरला.

आणि मग धुक्यातून पावलं ऐकू आली. पळत येणारी.

"आई..."

खारू धुक्यातून बाहेर आली. गुडघ्यापर्यंत दगडाची पांढरी भुकटी. चपला नाहीत. ती हसत होती. हे मी विसरू शकत नाही. ती हसत पळत आली आणि टोलासमोर येऊन थांबली. माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातल्या गजाकडे पाहिलं. माझ्या मागे पाहिलं.

"आई कुठाय?"

मी गज खाली ठेवला.

"तुम्ही वाजवत होतात?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. तिचं हसू गेलं. पोर जिवंत परत आली होती आणि मला वाटलं, मी तिच्याकडून काहीतरी काढून घेतलं.

रात्री मावशीने तिला जवळ घेतलं तेव्हा ती थोडं बोलली. दोन्हीकडून आई वाजवत होती, म्हणाली. आधी खाणीकडूनच येत होता, म्हणून ती तिकडे गेली. पायाखाली खडी सरकायला लागली, चपला त्यातच गेल्या, तरी तिला भीती वाटली नाही. मग गावाकडूनही आला. ती मधेच थांबली. कुठे जावं कळेना. मग खाणीकडचा बंद झाला.

"बंद झाला नसता तर?" मावशीने विचारलं.

"तिकडचा जवळ होता," खारू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. मी आणि मास्तर खाणीच्या माथ्यावर गेलो. खारूच्या चपला मिळाल्या, कड्याच्या अगदी काठावर. त्यापुढे पाऊल टाकायला जागाच नव्हती. लोखंडाचं काही सापडतंय का ते आम्ही बघितलं. साखळी, पत्रा, जुन्या यंत्राचा सांगाडा. वाऱ्याने आपटेल असं काहीही. मी वेल्डर आहे, भंगार मला लांबून दिसतं. तिथे एक खिळाही नव्हता. टोल टांगायला झाडही नव्हतं.

मास्तर परत येताना म्हणाले, "बाहेरच्या कुणाला सांगू नका. खाणीकडे हौशी लोकांची रीघ लागेल."

गावात मग ज्याने त्याने आपापलं ठरवलं. कुणी म्हणालं, वाऱ्याची दिशा. कुणी म्हणालं, दुसऱ्या गावातल्या टारगटाने चेष्टा केली. पाचही गावांत विचारलं, कुणीही कबूल झालं नाही. मास्तरांनी टोल सोडला. आता खारू टोल देते. तिने मागून घेतला. तिची चाल तीच आहे, पण हात तिचा आहे, तिन्ही टोल सारखे. रोपवाटिकेतली माणसं आता तिचा हात ओळखायला लागली आहेत. धुकं दिसलं की माळीणबाई तिला सगळ्यांच्या आधी खाली पाठवतात.

इथपर्यंत असतं तर मी लिहिलंच नसतं.

त्यानंतरही धुकं पडलंय. खारू टोल देते, मी दुकानात असतो. आणि तिच्या दोन टोलांच्या मधे... मला ऐकू येतो. खाणीच्या बाजूने. दोन, आणि मग उशिरा, हलका तिसरा.

मी मेहुणीला विचारलं. तिला नाही ऐकू येत. मास्तरांना नाही येत. ज्यांनी त्या दिवशी ऐकला त्यांच्यापैकी आता कुणालाच नाही. फक्त मला. मीच म्हटलं होतं ना, मला बोलाव.

आवाजात आता घाई नाही. सावकाश असतो. वेळ आहे, तुमचं काम होऊ द्या, असं म्हटल्यासारखा.

मला मरणाची फार भीती उरलेली नाही. घरात दोन खोल्या आहेत आणि दोन्हींत ती नाही. ती बोलावत असेल तर मी एका पायावर तयार आहे. मागच्या धुक्यात मी दुकान उघडं टाकून वेशीच्या बाहेर गेलोही होतो. खारूने टोल देता देता पाहिलं. हात थांबवता येत नाही, म्हणून तिथूनच ओरडली.

"बाबा, कुठे चाललात?"

"इथेच. जरा पाय मोकळे करतो."

"धुक्यात?"

मी परत आलो. रात्री जेवताना मी तिला सगळं सांगितलं. दिलेला शब्दही सांगितला. तिने ऐकून घेतलं. ताट बाजूला केलं आणि कितीतरी वेळ बोटाने ताटाची कड पुसत राहिली.

मग म्हणाली, "बाबा, त्या दिवशी तुम्ही वाजवलात तो मला आईचाच वाटला."

"हो. तसाच वाजवला होता मी."

"म्हणजे तुम्हाला जमला. मी तिची मुलगी, मलाही कळलं नाही." ती माझ्याकडे बघत होती. "मग तिकडे जो वाजतो तो तरी आईचा कशावरून?"

मी उठून दोघांची ताटं मोरीत ठेवली.

तेव्हापासून मला झोप नाही. ती असेल तर ती तिथे माझी वाट बघत उभी आहे, आणि मी जात नाही. आणि ती नसेल, तर जे कोण आहे तेही माझी वाट बघतंय. शब्द मी दिलेला आहे. कुणी घेतला ते मला माहीत नाही.

आज सकाळपासून समोरचं घर दिसत नाही. खारू बाहेर टोल देतेय. मी दुकानाचं दार आतून लावून हे लिहितोय. मेहुणी दोनदा विचारून गेली, भाऊजी, काही ऐकू येतंय का. मी दोन्ही वेळा नाही म्हटलं.

आज आवाज खाणीवरून येत नाहीये. बराच अलीकडून येतोय.